‘छान होता’च्या पुढे: नुकत्याच पाहिलेल्या सिनेमाबद्दल मत कसं मांडावं

सिनेमा सुटल्यापासून पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंत जे बोलणं होतं, त्यात चार-पाच वाक्यंच फिरत असतात. छान होता. संथ होता. अभिनय जबरदस्त. सेकंड हाफ लांबला. पैसा वसूल. यातलं काही खोटं नसतं, पण ही वाक्यं कुठल्याही सिनेमाला चिकटवता येतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मत मांडायला शिकायचं म्हणजे एकच सवय लावायची: विशेषण वापरलं की त्याच्या शेजारी पडद्यावरचा प्रसंग ठेवायचा. प्रसंग आठवत नसेल तर ते विशेषण खोडायचं. पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे.

पाहण्याआधी

ट्रेलर एकदा पाहिला तरी पुरे. परीक्षणं वाचू नका, निदान स्वतःची नोंद होईपर्यंत तरी. कारण साधं आहे. एखाद्याने ‘मांडणी विस्कळीत आहे’ असं लिहिलेलं वाचलं की पुढचे दोन तास डोळे विस्कळीतपणाच शोधतात आणि घरी आल्यावर तोच शब्द आपला म्हणून बाहेर पडतो.

त्याऐवजी आपण काय अपेक्षेने चाललो आहोत ते एका ओळीत लिहून ठेवा. ‘विनोदी असेल असं वाटतंय’ किंवा ‘या दिग्दर्शकाचा आधीचा आवडला होता’ एवढंही चालेल. नंतर मत लिहिताना ही ओळ उपयोगी पडते. बऱ्याच तक्रारी सिनेमाबद्दल नसतातच, त्या ट्रेलरबद्दल असतात. ट्रेलरने विनोदी म्हणून विकलेला सिनेमा गंभीर निघाला तर तो जाहिरातीचा दोष, आणि तसंच म्हणायचं.

आपण नेमकी कोणती आवृत्ती पाहतोय हेही आधीच बघून घ्या. सुरुवातीला सेन्सॉर प्रमाणपत्राची पाटी येते, तिच्यावर भाषा, लांबी आणि वर्गवारी असते. 2024 च्या नियमांपासून यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायचे सिनेमे) या वर्गाचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले आहेत, तो आकडा लक्षात ठेवा. ‘मुलांना घेऊन जावं का’ हा प्रश्न कुणीतरी विचारणारच असतं. डब केलेली आवृत्ती पाहिली असेल तर मतात तसं लिहावंच लागतं, कारण मग ऐकलेला आवाज त्या नटाचा असेलच असं नाही. सबटायटलवर मल्याळम किंवा कोरियन सिनेमा पाहिला असेल तर ‘संवाद सपाट आहेत’ हे विधान जपून करा. तुम्ही संवाद ऐकले नाहीत, कुणीतरी केलेला त्यांचा गोषवारा वाचलात. जुन्या सिनेमांच्या बाबतीत तर आवृत्तीवरून भांडणं होतात. 1975 च्या ‘शोले’चा मूळ शेवट सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावा लागला आणि पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात असा शेवट प्रदर्शित झाला. मूळ शेवटाची आवृत्तीही नंतर लोकांपर्यंत पोचली. दोघं जण दोन वेगळे शेवट पाहून वाद घालत बसले तर त्या वादाला अंत नाही.

पाहताना

अंधारात वहीत लिहायची गरज नाही. लिहिताना नजर खाली जाते आणि नेमका तेव्हाच कट होतो, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो. फोनवर टिपण तर नकोच, शेजारच्याच्या डोळ्यात प्रकाश जातो. तीन प्रसंग लक्षात ठेवायचे, बस: जिथे मन पूर्ण गुंतलं तो, जिथे घड्याळ बघावंसं वाटलं तो, आणि जिथे काहीतरी कळलं नाही तो.

मध्यंतर ही आपल्याकडची फुकटची खूण आहे, ती वापरा. दिवे लागले की मनात दोन गोष्टी ठरवा: आत्तापर्यंत मुख्य पात्राला काय हवं आहे, आणि पुढे काय होईल असं वाटतंय. ‘सेकंड हाफ घसरला’ या वाक्याला नंतर आधार मिळतो तो इथून. मात्र परदेशी सिनेमाला मध्यंतर नसतं. चित्रपटगृहवाले सोयीच्या जागी तो तोडतात, कधी एखाद्या प्रसंगाच्या ऐन मध्यावर. आपल्याकडचे लेखक मध्यंतराला धक्का किंवा वळण बसेल असं लिहितात. तिकडच्या सिनेमात तसं वळण आलं नाही म्हणून पटकथा ढिली म्हणणं बरोबर नाही.

चित्र अंधूक दिसतंय, संवाद खोल विहिरीतून आल्यासारखे वाटतायत, तर पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन सांगा. छायालेखन आणि ध्वनीबद्दलच्या कितीतरी तक्रारी मुळात त्या सभागृहाच्या प्रोजेक्टरच्या किंवा स्पीकरच्या असतात. शंका असेल तर मतातून ध्वनीचा मुद्दाच वगळा.

आणि पडद्यावरचा प्रसंग फोनवर टिपून स्टेटसला लावण्याची जी टूम आहे ती सोडा. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहात परवानगीशिवाय पडद्याचं चित्रीकरण करणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान 3 महिने ते 3 वर्षं कैद, आणि दंड किमान 3 लाख रुपये, तो निर्मितीखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

घरी पाहत असाल तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा (फ्रेम्सचा) असतो. बरेच टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करतात, आणि मग कितीही महागडा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. हे सेटिंग एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ अशा नावांनी असतं. ते बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ दिसत असेल तर तो निवडला की काम होतं. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या म्हणून झूम करू नका; रुंद चौकटीत चित्रित केलेल्या सिनेमाच्या दोन्ही बाजू त्यात कापल्या जातात, आणि कधीकधी बोलणारं पात्रच कडेला अर्धं उरतं. दीडपट वेगाने सिनेमा पाहिला असेल तर गतीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तो अधिकार तुम्ही स्वतःच सोडलेला असतो.

पहिल्या वीस मिनिटांतली नोंद

सिनेमा संपल्यावर, कुणाशी बोलण्याआधी, पाच ओळी लिहा. बोलणं झालं की समोरच्याची वाक्यं मिसळतात. त्यातून तो ठाम बोलणारा असेल तर तुमचं मत दारापाशीच संपतं. पाच ओळी अशा: लक्षात राहिलेले ते तीन प्रसंग, प्रत्येकी एक ओळ. चौथी ओळ, सिनेमाभर पुन्हा पुन्हा आलेली एखादी गोष्ट: रंग, वस्तू, आवाज, जागा. पाचवी, मनातला प्रश्न.

नोंदीत अर्थ लिहायचा नाही, दिसलं ते लिहायचं. नवशिके इथेच चुकतात. ‘फँड्री’ (दिग्दर्शक नागराज मंजुळे) पाहून आलेला माणूस वहीत ‘जातव्यवस्थेवर प्रहार’ असं लिहितो. महिन्याभराने ती ओळ वाचून त्याला काहीही आठवत नाही, कारण ती ओळ पोस्टरवरही छापता आली असती. त्याऐवजी ‘डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे’ असं लिहिलं तर अर्थ हवा तेव्हा त्यातून काढता येतो. उद्या वेगळाही काढता येतो.

सितारे नंतर. आधी एक रात्र जाऊ द्या. भरलेल्या सभागृहात शिट्ट्या-टाळ्यांत पाहिलेला सिनेमा बाहेर आल्यावर अर्धा-एक सितारा जास्तच घेऊन जातो.

नेहमीची वाक्यं उकलताना

खरं काम इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

‘संथ आहे.’ यामागे किमान तीन वेगळी कारणं असू शकतात. एक, शॉट लांब आहेत. दोन, तीच माहिती पुन्हा दिली जातेय: आधी प्रसंगात दाखवलं, मग पात्राने मित्राला सांगितलं, मग गाण्यात आलं. तीन, पात्राला काय हवंय हेच कळलेलं नाही, त्यामुळे ते मिळेल की नाही याची ओढ नाही. पहिली निवड दिग्दर्शकाची, दुसरी चूक बहुतेक वेळा पटकथेची किंवा संकलनाची, तिसरी निखळ लेखनाची. तुमचा कंटाळा यातला कोणता ते आधी ठरवा. चाचणी अशी: ज्या प्रसंगात घड्याळ पाहिलं, त्या प्रसंगाआधी तुम्हाला जे माहीत होतं आणि नंतर जे माहीत झालं, यात फरक काय? काहीच नाही आणि भावही तोच, तर तक्रार खरी. फरक असेल तर प्रसंग काम करत होता, फक्त हळू.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’वर (2014) हा आरोप सर्रास होतो. कॅमेरा बहुतांश वेळ एका जागी, माणसांपासून लांब, आणि शॉट आपल्या सवयीपेक्षा बरेच जास्त वेळ टिकतात. कोर्टात वकील बोलत असतात तेव्हा चौकटीत आपल्या पुकाऱ्याची वाट पाहत बसलेली इतर माणसंही दिसतात. तारखांवर तारखा पडणं हाच विषय असलेल्या सिनेमाने प्रेक्षकालाही ताटकळत ठेवलं आहे. हे पटायलाच हवं असं नाही. ‘कळलं, पण मला ते सोसलं नाही’ हेही पूर्ण मत आहे. ‘संथ आहे, बोअर आहे’ हे मात्र नाही.

‘अभिनय जबरदस्त.’ आपल्याला दिसतो तो मोठा अभिनय: रडणं, ओरडणं, लांब संवाद एका दमात. ऐकणाऱ्या नटाकडे लक्ष जात नाही. पुढच्या वेळी भांडणाच्या प्रसंगात बोलणाऱ्याला सोडून दुसऱ्याकडे बघा. तो स्वतःच्या वाक्याची वाट पाहतोय, की समोरचं वाक्य त्याला लागतंय? एवढं पाहून लिहिलेली एक ओळ दहा ‘जबरदस्त’ना भारी पडते. नट आणि पात्र यांतही गल्लत नको. पात्राचा राग आला म्हणजे नट वाईट नव्हे, उलटच. आणि नटाच्या दिसण्यावर, वजनावर, रंगावर लिहायचं नाही. भूमिकेला वय शोभत नव्हतं असं वाटलं तर तेवढंच म्हणा, कारण ती पात्रनिवडीवरची टीका झाली.

‘सिनेमॅटोग्राफी अप्रतिम.’ बहुधा याचा अर्थ जागा सुंदर होती एवढाच असतो. कोकणातला पाऊस कुणीही टिपला तरी सुंदरच दिसतो. विचारायचं ते असं: कॅमेरा पात्राच्या जवळ आहे की लांब? त्याच्या उंचीवर आहे, वरून बघतोय, की खालून? पात्र हललं की तोही हलतो, की पात्राला चौकटीबाहेर जाऊ देतो? प्रकाश कुठून येतोय? चारपैकी एकाचं उत्तर देता आलं तरी वाक्याला वजन येतं.

‘पार्श्वसंगीत अंगावर येतं.’ ओटीटीवर असेल तर तो प्रसंग दोन मिनिटं आवाज बंद करून पुन्हा पाहा. आवाजाशिवायही भाव तितकाच पोचत असेल तर संगीत त्याच गोष्टीवर पुन्हा शिक्का मारत होतं, तक्रार बरोबर. प्रसंग कोसळत असेल तर संगीत उणीव झाकत होतं. तक्रार संगीताबद्दल नाही, प्रसंगाबद्दल करा. नसलेला आवाजही नोंदवायला शिका. ‘सैराट’ (2016) भव्य वाद्यवृंदाच्या गाण्यांनी ओसंडून वाहणारा सिनेमा, आणि त्याच्या शेवटच्या क्षणांत आवाज काढून घेतलेला आहे. तिथे काय घडतं ते न सांगताही ही गोष्ट सांगता येते, आणि सिनेमाबद्दल बरंच काही कळवते.

‘एडिटिंग क्रिस्प आहे.’ घरी एक मिनिट निवडा आणि कट झाला की कागदावर रेघ मारा. मिनिटाला पाच-सहा कट म्हणजे निवांत, तीस-चाळीस म्हणजे पळापळ. नवख्याला हा खेळ पोरकट वाटेल, पण चार-पाच सिनेमांत केला की डोळ्याला कट दिसू लागतात, आणि मग हाणामारीत कट जास्त असून कोण कुणाला मारतंय ते का कळलं नाही, यावर बोलता येतं.

‘डोक्यावरून गेला.’ प्रामाणिक वाक्य आहे, लाज वाटायचं कारण नाही. फक्त कुठून वर गेला ते सांगा. घटनाच कळली नाही, की घटना कळली पण ती का दाखवली ते कळलं नाही? पहिल्याचं उत्तर कुणीतरी एका वाक्यात देऊ शकतं. दुसऱ्यातून चर्चा सुरू होते.

‘मेसेज चांगला आहे.’ हे वाक्य मराठी प्रेक्षकांचं विशेष लाडकं, आणि सिनेमाबद्दल ते सगळ्यात कमी सांगतं. मेसेज चांगला असूनही सिनेमा वाईट असू शकतो. ‘हुंडा वाईट’ हे फळ्यावर लिहूनही सांगता येतं. पडद्यावर ते सांगताना काय जमलं, काय नाही, यावर बोला.

श्रेय योग्य माणसाला

मत लिहिताना निदान चार नावं तपासा: दिग्दर्शक, पटकथा-संवाद, छायालेखन, संकलन. सगळं श्रेय नायकाला आणि सगळे दोष दिग्दर्शकाला, ही आपली पद्धत. गाण्यांच्या बाबतीत घोळ जास्त होतो. ‘कट्यार काळजात घुसली’ हे 1967 चं संगीत नाटक, त्यावरचा सिनेमा 2015 चा. त्यात जितेंद्र अभिषेकींच्या जुन्या चाली आहेत आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणीही. एका कुणाच्या नावावर सगळं टाकलं की जाणकार वाचक तिथेच पान मिटतो.

नाटकावरच्या किंवा कादंबरीवरच्या सिनेमाबद्दल लिहिताना दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा: मूळ कृतीशी नातं काय, आणि मूळ कृती माहीत नसलेल्या प्रेक्षकासाठी हा सिनेमा उभा राहतो का. ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं 1970 मध्ये, सिनेमा 2016 चा. नाटकातली स्वगतं कॅमेऱ्याजवळ आल्यावर काय होतं, हा बोलण्यासारखा मुद्दा आहे. ‘नाटकातली मजा नाही’ हा नाही. ऐतिहासिक सिनेमातही तसंच: तपशिलाची चूक सापडली तर ती वेगळ्या परिच्छेदात, आधारासह. त्या रागात बाकीच्या सिनेमाचं मोजमाप करू नका.

अडीचशे शब्दांत

पहिलं लेखन 250 ते 300 शब्दांपलीकडे नेऊ नका. रचना ढोबळमानाने अशी: पहिल्या ओळीत नाव, वर्ष, दिग्दर्शक, भाषा आणि कुठे पाहिला. मग दोन-तीन वाक्यांत गोष्टीची मांडणी, आणि ती पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे जाता कामा नये. मग एक प्रसंग साठ-सत्तर शब्दांत नीट वर्णन करून त्यातून तुमचा मुख्य मुद्दा. मग एक तक्रार, पुराव्यासह. शेवटी हा सिनेमा कुणाला आवडेल. नवख्यांच्या लेखनात तीन-चतुर्थांश जागा कथानक खातं. त्यावर लाल पेन्सिल फिरवली की उरेल ते तुमचं मत.

‘किल्ला’ घेऊ. सहसा असं लिहिलं जातं: “किल्ला हा अतिशय सुंदर आणि तरल सिनेमा आहे. सिनेमॅटोग्राफी अप्रतिम. मुलांचा अभिनय निरागस. प्रत्येकाने पाहावा असा.” चार वाक्यं, आणि यातलं एकही वाक्य उचलून दुसऱ्या सिनेमाच्या खाली ठेवलं तरी कुणाला कळणार नाही.

तेच असं लिहिता येतं: “वडील गेलेत, आईची बदली झालीय, आणि पुण्याचा चिन्मय कोकणातल्या एका छोट्या गावात येऊन पडतो. मित्रांबरोबर तो किल्ल्यावर जातो, तिथे पाऊस कोसळू लागतो आणि तो एकटाच मागे राहतो. इतका वेळ खेळायची वाटणारी जागा त्या काही क्षणांत परकी होते. पोस्टकार्डावर शोभणारा पाऊस इथे भीतीचा आवाज आहे. दिग्दर्शक अविनाश अरुण स्वतःच छायालेखक आहेत, हे कदाचित त्यामुळेच जमलं असावं: निसर्ग शोभेला नाही, तो मुलाच्या मनःस्थितीप्रमाणे बदलतो. घडामोडींची सवय असलेल्यांना सिनेमा थोडा अडखळता वाटेल, कारण इथे मोठी घटना फारशी नाही.” मत दोन्हीकडे एकच आहे, आवडल्याचं. दुसऱ्याशी वाद घालता येतो, म्हणून ते उपयोगाचं.

‘नक्की पहा’ लिहू नका. ‘कोणी पाहावा’ लिहा. ‘कुटुंबासह पाहण्यासारखा’ याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा. त्यापेक्षा प्रमाणपत्र कोणतं आणि मारहाण, शिव्या किंवा मृत्यू किती थेट दाखवलाय ते सांगा. आई-वडिलांना तेवढंच हवं असतं. सिनेमाच्या चमूत कुणी ओळखीचं असेल किंवा तिकीट फुकट मिळालं असेल तर तेही एका ओळीत नोंदवा.

गुपित फोडण्याबद्दल

किती दिवसांनी शेवट उघड करावा यावर एकमत होणार नाही. चालण्यासारखा नियम: पहिले दोन आठवडे मध्यंतरानंतरचं काहीही इशारा दिल्याशिवाय नाही. ओटीटीवर आल्यावर पुन्हा दोन आठवडे तोच नियम, कारण गावोगावचा मोठा प्रेक्षक सिनेमा तेव्हाच पाहतो. मराठी सिनेमाला तर बऱ्याच तालुक्यांत पडदाच मिळत नाही. रहस्यपटाचं गुपित मात्र कधीच फोडायचं नाही.

‘शेवटी एक जबरदस्त ट्विस्ट आहे’ हेही गुपित फोडणंच आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. प्रेक्षक मग पूर्ण वेळ ट्विस्ट शोधत बसतो. व्हॉट्सअॅपच्या गटात लिहिताना पहिली ओळ इशाऱ्याची हवी, कारण सूचनेत आणि गप्पांच्या यादीत सुरुवातीचेच शब्द दिसतात. त्यानंतर दहा-बारा रिकाम्या ओळी, मग मजकूर. टेलिग्राममध्ये शब्द झाकायची सोय आहे, ती वापरा. उत्तर देणाऱ्यानेही सांभाळायचं; तुम्ही झाकलेलं तो उघड्यावर लिहून मोकळा होतो.

सितारे आणि टक्के

पाच सिताऱ्यांत अर्धे धरले तर दहा पायऱ्या होतात. वापरायच्या असतील तर आधी पायऱ्यांचा अर्थ लिहून ठेवा: 2 म्हणजे काही प्रसंग जमले, सिनेमा नाही, 3 म्हणजे पाहिल्याचा पश्चात्ताप नाही, 4 म्हणजे पुन्हा पाहीन. मग पूर्वी पाहिलेले, चांगले-वाईट सगळे मिळून दहा सिनेमे त्या मोजपट्टीवर बसवा. असं न करता सुरुवात केली की प्रत्येकाला साडेतीन पडतात, आणि मोजपट्टी मोडीत निघते.

दुसऱ्यांचे आकडे वाचतानाही सावध राहा. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे 90 टक्के म्हणजे 100 पैकी 90 गुण नव्हेत. दहापैकी नऊ समीक्षकांचं मत अनुकूल होतं, एवढंच. नऊही जणांना सिनेमा ‘बरा’ वाटला तरी आकडा 90 च येतो. उलट, निम्म्यांना वेड लावणारा आणि निम्म्यांना न झेपलेला सिनेमा 50 वर अडकतो, आणि अनेकदा तोच पाहण्यासारखा असतो.

चार जणांत बोलताना

सिनेमानंतरची गटचर्चा हे आपल्याकडे नवं नाही. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज 1959 मध्ये स्थापन झालं, सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष. मुंबईतलं प्रभात चित्र मंडळ 1968 पासूनचं. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं रसास्वाद शिबिर हे अनेकांचं पहिलं शिक्षण. शिबिराला जाता आलं नाही तरी राहत्या सोसायटीच्या बिल्डिंगमध्ये, वाचनालयात किंवा अमेरिकेतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये ही चर्चा जमते.

आठ ते बारा माणसं. त्याहून जास्त झाली की मागच्या खुर्च्या प्रेक्षकच राहतात. सिनेमा संपल्यावर दहा मिनिटं चहा, पण चहाच्या वेळी सिनेमावर बोलायचं नाही. हा नियम पाळायला सगळ्यात अवघड, आणि तोच सगळ्यात कामाचा. मग पहिली फेरी: प्रत्येकी एक मिनिट, फक्त एक प्रसंग सांगायचा, आवडला-नावडला नाही. कारण पहिला बोलणारा निकाल देतो आणि उरलेले त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलत राहतात. प्रसंग सांगितले की चित्र वेगळं दिसतं. दोन-तीन जण हमखास तोच प्रसंग घेऊन येतात आणि प्रत्येकाने त्यात निराळं पाहिलेलं असतं. दुसरी फेरी मोकळी. चर्चा चालवणाऱ्याने एकच प्रश्न हातात ठेवायचा: “हे तुम्हाला कुठे दिसलं?” पंचेचाळीस मिनिटांत थांबायचं.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. कुणीतरी पूर्ण गोष्ट परत सांगायला लागतं. कुणी नटाच्या लग्नावर घसरतं. जाणकार काका जागतिक सिनेमातली दहा नावं घेतात आणि नवी मुलं गप्प होतात. काकांना शेवटी बोलायला सांगा, अडवू नका. जातीवरच्या सिनेमानंतर “आमच्या गावात असं काही नाही” हे वाक्य येतंच, आणि पुढचा अर्धा तास गावावर जातो. त्याला उत्तर देत बसू नका. परत चौकटीत या: त्या प्रसंगात कोण उभं होतं, कोण बसलं होतं, कॅमेरा कुणाच्या बाजूला होता.

मतभेदात ‘तुला कळलाच नाही’ हे म्हणायचं नाही, आणि ‘ज्याची त्याची आवड’ असं म्हणून सुटकाही करून घ्यायची नाही. दोघांनी एकच प्रसंग निवडून त्यावरच बोललं तर बहुतेक वाद दहा मिनिटांत स्पष्ट होतात. मिटतातच असं नाही.

महोत्सवात

पुण्याचा पिफ असो, मुंबईचा मामी असो किंवा 2004 पासून गोव्यात भरणारा इफ्फी, कुठल्याही चित्रपट महोत्सवात दिवसाला चार-पाच सिनेमे पाहायची हौस सुरुवातीला सगळ्यांनाच असते. तिसऱ्या दिवशी इराणी सिनेमातली आई रोमेनियन सिनेमात शिरते. दिवसाला तीनवर थांबा, दोन सिनेमांत निदान चाळीस मिनिटं ठेवा आणि त्या वेळात जेवण आणि पाच ओळींची नोंद उरका. नोंदीत देश, दिग्दर्शक आणि दिवसातला कितवा सिनेमा हे लिहा. रात्री दहाच्या खेळाला ‘संथ’ म्हणण्याआधी तो आकडा पाहा. झोप लागली असेल तर त्या सिनेमाला सितारे देऊ नका. पुढे कधी ओटीटीवर आला तर पुन्हा पाहा.

दुसऱ्यांदा पाहिल्यावर मत बदललं तर जुनी नोंद पुसायची नाही. तिच्याखाली तारीख टाकून नवी लिहा, आणि बदल कशामुळे झाला तेही: कोणता प्रसंग मागच्या वेळी निसटला होता, की या वेळी पडदा वेगळा होता.